विमानं उतरवणारा शिंपी

लढाई संपली, समुद्रकाठचा तळ बंद झाला आणि मी बेंबळीला परत आलो, तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक आणि दोन बॅटा होत्या. क्रिकेटच्या नव्हेत. परातीएवढी गोल लाकडी चौकट, तिच्यावर पिवळ्या कापडाच्या पट्ट्या ताणून शिवलेल्या, आणि खाली धरायला मूठ. शिवण माझ्याच हातची होती. बायकोनं त्या उलट्यासुलट्या करून बघितल्या.

"दोन वर्सं घर सोडून ऱ्हायलात आन् हे आणलं व्हय?" ती म्हणाली. "ह्येच्यावर पापड तरी वाळतील का?"

"ह्या हातात धरून विमानं उतरवलीत म्या."

"उतरवा मग. आधी ती ट्रंक उतरवा कट्ट्यावरनं, मला सारवायचंय."

खरं सांगायचं तर मी उतरवलं होतं एकच विमान, आणि तेही परवानगी नसताना. पण बेंबळीत कुणी विमान जवळून बघितलेलं नव्हतं, तिथं एकाची दोन केली तर कोण मोजायला येणार, असा माझा हिशेब.

त्या बॅटांना पहिलं काम मिळालं आमच्या शेतात. ज्वारी चिकात आली होती आणि राघूंचे थवे उतरत होते. मी शिंपी, घरची चार एकर जमीन असली तरी गोफण मला कधी जमली नाही. धोंडा पुढं जायच्या ऐवजी मागं जायचा आणि मागं काम करणाऱ्या बाया मला शिव्या घालायच्या. म्हणून मी माळ्यावर चढून बॅटा हलवायला लागलो. राघूंना तो पिवळा रंग मानवेना. भुर्रकन उठून ते शेजाऱ्याच्या रानात जायचे.

त्या दिवसांत मुंबईकडून हैदराबादकडं एक विमान अधूनमधून आमच्या शिवारावरून जायचं. ते दिसलं की माझ्या हातांना खाज सुटायची. दोन्ही बॅटा डोक्यावर नेऊन कातरीसारख्या आडव्याउभ्या हलवल्या की तळावर त्याचा अर्थ व्हायचा : उतरू नको, परत फिरून ये. मी तो इशारा करायचो आणि विमान सरळ निघून जायचं. बाया हसायच्या. एकदा मात्र काय झालं कोण जाणे. पूर्वेला आभाळ दाटून आलं होतं, त्याला टाळायचं असेल. मी इशारा केला आणि ते विमान डाव्या अंगाला कललं, भला मोठा वळसा घेतला आणि आमच्या डोक्यावरून परत आलं.

शेतातल्या सगळ्या बाया तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत राहिल्या.

"बघितलं का?" मी म्हणालो. "फिर म्हटलं की फिरतंय."

हे एक वाक्य मी गिळलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं, दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलाच्या कानावर गेलं, आणि आठवडाभरात धाराशिवच्या कचेरीतून निरोप आला : विमानं बोलावणाऱ्या शिंप्यानं सामानासकट हजर व्हावं.

कागदावर उस्मानाबाद होतं, पण जायचं धाराशिवलाच. पोलीस पाटील मला बैलगाडीतून घेऊन निघाला. वाटेत तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्या फकस्त ऐकलेलं लिहून धाडलं. आपल्या मनचं काय बी घातलं न्हाय."

"काय लिवलं?"

"हेच की, तुमी हात हलवला की इमान येतंय."

तो काळ निजामाचा. इंग्रज जाणार अशी बोलणी चालली होती आणि हैदराबादचं काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. अशा दिवसांत विमानाला हात करणारा माणूस सरकारला आवडणार नाही, एवढं मलाही कळत होतं. बायकोनं भाकरी बांधून देताना पहिल्यांदाच टोमणा मारला नव्हता. त्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती.

अमीनसाहेब, म्हणजे तिथले पोलीस अधिकारी, पन्नाशीचे, सडपातळ, चष्मेवाले गृहस्थ होते. चेहरा शाळामास्तराचा आणि खाकी कपडे मात्र मापापेक्षा सैल. ते बघून मला आधी त्यांच्या शिंप्याचाच राग आला. कचेरीच्या ओसरीत त्यांची नवीकोरी काळी सायकल उभी होती. आत बसल्या बसल्या ते दर थोड्या वेळानं मान वाकडी करून ती जागेवर आहे का ते बघायचे. टेबलाशेजारी पेशकार, म्हणजे त्यांचा लिहिणारा, कागद पुढ्यात घेऊन बसला होता.

"तू हवाई जहाजां उतारता बोलके सुना," अमीनसाहेब म्हणाले. "कां सीखा?"

"समुद्रकाठी, सरकार. गोऱ्यांच्या तळावर."

"वां क्या करता था?"

"शिवत होतो."

पेशकाराचा टाक थांबला. अमीनसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "शुरू से बोल," ते म्हणाले. आणि मी सुरुवातीपासून सांगायला लागलो.

लढाईत आमच्याकडं कापड मिळेना. शिंप्याला कापड नाही म्हणजे नुसती मशीन पुसत बसायचं. तेव्हा मी येडशीला छोट्या गाडीत बसलो, कुर्डुवाडीला मोठी गाडी धरली आणि सोलापूर गाठलं. तिथं लढाईच्या कामासाठी कारागीर भरती चालली होती. ताडपत्रीवर जाड दोऱ्याची शिवण घालून दाखवली आणि चार दिवसांनी मी मलबारच्या किनाऱ्यावर होतो. एका अंगाला नारळी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये विमानांची लांबलचक पट्टी.

तळ आरमाराचा होता, आणि आरमाराकडं विमानं कशाला, हे मला आठ दिवस कळलं नाही. मग कळलं. ही विमानं जहाजावर राहणार होती. जहाजाचं छत सपाट. तिथूनच उडायचं आणि परत तिथंच उतरायचं. विलायतेहून नवे वैमानिक यायचे, त्यांना सपाट रानात उतरता यायचं, पण हलत्या जहाजावर उतरणं वेगळं. ते इथं शिकवायचे. कुणाला पाण्यावर खाली येऊन लाकडी पाणसुरुंग सोडायला शिकवायचे, ते मग होडीवाले गोळा करून आणायचे. कुणाला नुसत्या पाण्यावर खूण नसताना वाट शोधायला शिकवायचे. पण सगळ्यांत अवघड धडा उतरण्याचा. त्यासाठी पट्टीवर चुन्यानं जहाजाच्या छताएवढी चौकट आखलेली होती. आमच्या वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत जेवढं अंतर, तेवढीच. चौकटीबाहेर चाक टेकलं की समजायचं, माणूस समुद्रात बुडाला.

माझं काम छपरीत. तिथली जुनी विमानं दोन मजली पंखांची, आणि पंख कापडाचे. कापड फाटलं की ठिगळ लावायचं, वरून रोगण फासायचं. त्या रोगणाला पिकलेल्या केळ्यांचा वास यायचा आणि दुपारपर्यंत डोकं गरगरायचं. घरी पत्रात मी लिहिलं होतं की इथं विमानं शिवतो. बायकोनं उत्तर लिहवून घेतलं की लोक हसतील, असलं काही लिहू नका.

चौकटीच्या डाव्या कोपऱ्यावर एक ठेंगणा साहेब दोन्ही हातांत बॅटा घेऊन उभा राहायचा. आम्ही त्याला बॅटवाला साहेब म्हणायचो. येणाऱ्या वैमानिकाला समोरचं नाक आडवं येतं, खालचं दिसत नाही. म्हणून या साहेबाच्या हातांकडं बघून तो उतरायचा. हात वर केले की विमान वर घे. खाली केले की खाली ये. आडवे, सरळ ठेवले की बरोबर चाललंय. एक बॅट गळ्यापुढून सर्रकन नेली की इंजिन बंद. आणि डोक्यावर कातरी केली की चुकलं, फिरून ये. यावर वाद घालायचा नाही, असा नियमच होता. वैमानिक कितीही मोठा असो, बॅटवाल्याचा शब्द शेवटचा.

पहिल्या बॅटांना अख्खं कापड होतं. समुद्रावरचा वारा त्यात भरला की साहेबाचे हातच उलटे फिरायचे. एकदा तो बॅट दुरुस्तीला घेऊन आला तेव्हा मी कापड फाडून पट्ट्या केल्या आणि मध्ये फटी ठेवून शिवल्या. वारा आरपार जायला लागला. साहेब खूश झाला. तेव्हापासून तो मला सकाळी पट्टीवर नेऊन मागं उभा करायला लागला. विमान आलं की चाकं खाली आलीत का, शेपटाखालचा हुक सुटलाय का, ते मी ओरडून सांगायचं. जहाजावर तो हुक आडव्या तारेत अडकतो म्हणून विमान थांबतं. सुईत दोरा ओवणाऱ्याची नजर. मला हुक कुणाच्याही आधी दिसायचा.

इथपर्यंत मी अमीनसाहेबांना सांगितलं. पुढचं तेव्हा गाळलं. ते असं.

नव्या वैमानिकांत एक लालबुंद तोंडाचा होता. त्याच्या विमानाच्या पंखाला मी लावलेलं ठिगळ बघून तो सगळ्यांसमोर हसला होता आणि हातानं पांघरूण ओढून घोरल्यासारखं करून दाखवलं होतं. म्हणजे ही गोधडी आहे. भाषा कळली नाही तरी अपमान कळतो. मी ते मनात ठेवलं.

एका सकाळी सराव संपत आला होता. बाकीची विमानं उतरली, त्याचं एकट्याचं वर फिरत होतं. तेवढ्यात बॅटवाल्या साहेबाला तंबूतल्या टेलिफोनवर बोलावणं आलं. आता येतो म्हणून त्यानं बॅटा माझ्या हातात दिल्या आणि तो पळत गेला. मी बॅटा घेऊन उभा. आणि ते विमान वळून थेट माझ्याकडं यायला लागलं.

तो सुरेख येत होता. चाकं खाली, हुक खाली, पंख सरळ. मी हात आडवे धरले. मग माझ्या डोक्यात गोधडी आली. मी हात वर नेले आणि कातरी केली.

इंजिन गरजलं. विमान माझ्या डोक्यावरून निघून गेलं आणि मोठा वळसा घ्यायला लागलं. बेंबळीच्या शिंप्यानं नको म्हटलं आणि गोरा साहेब मुकाट्यानं फिरला! तोंडाला गूळ लागला की मुंगी तिथून हलत नाही. दुसऱ्यांदा तो आणखी नीट आला. मी पुन्हा कातरी केली. तो पुन्हा गेला. मला इतकं हसू येत होतं की बॅटेआड तोंड लपवावं लागलं.

तिसऱ्या वळशाला इंजिनाचा आवाज बदलला. मध्येच एक खोकला आला, मग आणखी एक. तेल संपत आलं होतं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. तंबूकडं बघायलाही वेळ नव्हता. विमान खाली खाली येत होतं, फारच खाली; मी हात वर केले, त्यानं उचललं. हात आडवे. जरा डावीकडं कललं, मी बॅट कलवून दाखवली, त्यानं सावरलं. चौकटीची रेघ आली तशी मी बॅट गळ्यापुढून नेली. इंजिन बंद झालं, विमान आपटलं, एकदा उडालं आणि चौकटीच्या आत थांबलं.

मी वळलो तर बॅटवाला साहेब माझ्या मागं पाच पावलांवर उभा होता. दोन्ही कातऱ्या त्यानं तंबूतून बघितल्या होत्या, पण तो धावत येईपर्यंत तिसरी फेरी खाली आली होती. विमान तोंडावर आलेलं असताना बॅटा बदलल्या तर वैमानिक गोंधळेल, म्हणून त्यानं मला हात लावला नव्हता. त्यानं बॅटा काढून घेतल्या, नुसतं "उद्या सकाळी" म्हणाला आणि निघून गेला. त्या रात्री मी ट्रंक भरून ठेवली.

सकाळी मला त्यांनी घरी पाठवलं नाही. त्याच विमानात मागच्या जागेवर पट्ट्यांनी बांधून बसवलं. पुढं तोच लाल तोंडाचा. त्याला सगळं सांगितलेलं होतं, कारण तो वळून माझ्याकडं बघून गोड हसला. आम्ही वर गेलो. समुद्र तिरपा झाला, नारळी डोक्यावर आल्या. माझ्या शेजारच्या पंखावर माझंच ठिगळ थरथरत होतं आणि मी त्याच्याकडं टक लावून बघत होतो, की बाबा, सुटू नको.

मग आम्ही उतरायला आलो. वरून ती चौकट मुंगीच्या पाटाएवढी दिसत होती आणि तिच्या कोपऱ्यावर दोन पिवळे ठिपके. अख्ख्या जगात धरायला तेवढंच. ठिपके सरळ होते. मी म्हटलं, सुटलो. आणि ठिपक्यांनी कातरी केली.

बॅटवाल्या साहेबानं आम्हाला बरोबर दोनदा परत पाठवलं. पहिल्या वळशाला मी देवांची नावं घेतली. दुसऱ्या वळशाला देवही आठवेनात, आणि मी पोटातलं सगळं माझ्या नव्या सदऱ्यावर ओकलो. खाली आल्यावर लाल तोंडाच्या वैमानिकानंच मला उचलून बाहेर काढलं. मला उभं राहता येईना म्हणून पंखाला टेकवलं, आणि ठिगळावर दोनदा थाप मारून, मान हलवून दाखवलं. त्यानंतर तो कपडे शिवायला माझ्याकडंच यायचा. पुढं त्याची तुकडी जहाजावर गेली. तळ बंद होताना साहेबानं जुन्या बॅटांची एक जोडी मला दिली. हात जोडून घ्यायला गेलो तर त्यानं त्या वर धरल्या आणि डोळे वटारून कातरी केली. मग हसून दिल्या.

हे सगळं मी गाळलं, आणि अमीनसाहेबांना म्हणालो, "असं हाय, सरकार. विमान बोलवायचं काम न्हाय हे. आलेल्याला सांगायचं काम हाय. आता म्या ह्येनं राघू उडवतो."

त्यांनी बॅटा हातात घेऊन बघितल्या. संशय गेला होता की नाही ते कळेना, पण डोळ्यांत वेगळंच काहीतरी चमकत होतं. "बातां से नहीं समझता," ते म्हणाले. "करके दिखा."

"विमान कुठाय, सरकार?"

अमीनसाहेबांनी मान वाकडी करून ओसरीकडं बघितलं. "सैकल है," ते म्हणाले.

कचेरीपुढं मोठं अंगण होतं. भिंतींना लावायचा चुना शिल्लक होता, त्यानं मी चौकट आखली. आडव्या तारेच्या जागी विहिरीचा दोर; दोन जवानांनी दोन टोकं धरली. त्यांना मी बजावलं, की हुक अडकला की दोर हळूहळू सोडत जायचं, एकदम ताणून धरायचं नाही. हुक मात्र सुचेना. शेवटी पेशकाराची छत्री मिळाली. तिची वाकडी मूठ मागं जमिनीलगत लोंबेल अशी मी ती सायकलच्या मागच्या बाजूला सुतळीनं बांधली. पेशकाराच्या तोंडावर छत्री गेल्याचं दुःख दिसत होतं. चौकटीच्या पलीकडं कचेरीच्या घोड्यांसाठी कडब्याची गंज रचलेली होती. तारखेला आलेले लोक, जवान, पोलीस पाटील सगळे भिंतीला लागून उभे राहिले.

अमीनसाहेब टोपी घट्ट करून फाटकाबाहेर गेले आणि लांबून सायकल मारत आले. मी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यावर, हात आडवे धरून. ते फार नीट येत होते. पाठ ताठ, नजर माझ्या हातांवर. इतकी भक्ती मी तळावरच्या वैमानिकांतही बघितली नव्हती.

मी मनाला सांगितलं, गप बस. हा निजामाचा अमीन आहे, आणि तू आरोपी. हात ऐकेनात. ते आपोआप वर गेले आणि त्यांनी कातरी केली.

अमीनसाहेबांनी घंटी वाजवली आणि अंगणाला वळसा घालून परत फाटकाबाहेर गेले. भिंतीला लागलेले लोक श्वास रोखून बघत होते. पोलीस पाटलानं मला हळूच हात जोडले, की बाबा, पुरे.

दुसऱ्यांदा ते आले. मी पुन्हा फिरवलं. ते घामाघूम झाले होते, पण एक शब्द न बोलता गेले. तिसऱ्यांदा मात्र मी इमानदारीनं काम केलं. डावीकडं जास्त झाले, बॅट कलवली; त्यांनी सावरलं. रेघ आली तशी बॅट गळ्यापुढून नेली आणि त्यांनी पायडल मारायचं थांबवलं. छत्रीची मूठ दोरात अचूक अडकली.

दोन्ही जवानांनी दोर जिवाच्या आकांतानं ताणून धरला.

सायकल जागच्या जागी थांबली. अमीनसाहेब थांबले नाहीत. हँडलवरून ते कडब्याच्या गंजीत गेले आणि आत दिसेनासे झाले.

अंगणात कुणी हललं नाही. मग कडब्यातून एक हात आला, त्या हातात चष्मा होता. मागून डोकं आलं. "जहाज पर बी ऐसाच होता?" त्यांनी विचारलं.

"कधी कधी, सरकार," मी म्हणालो. "म्हणून तर आधी जमिनीवर शिकवतात."

ते हसायला लागले. आधी अमीनसाहेब, मग जवान, मग भिंतीकडचे सगळे. पेशकार तेवढा हसला नाही. त्याची छत्री उलटी झाली होती. अमीनसाहेबांनी कपडे झटकले, आणि उजव्या गुडघ्यावर खाकी विजार वीतभर फाटलेली त्यांना दिसली. लगेच मागं हात गेला. तिथंही फाटली होती.

आत गेल्यावर त्यांनी टेबलावरचं हिरवं कापड ओढून कमरेला गुंडाळलं, विजार माझ्यापुढं टाकली आणि खुर्चीत बसले. मी जमिनीवर बसून टाके घालायला लागलो. त्यांनी पेशकाराला लिहायला सांगितलं : आरोपी पेशानं दर्जी. जहाजां बुलाने की ताकत नहीं. परिंदे उडाता. मग पेशकाराला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं आणि पुढं वाकून हलक्या आवाजात विचारलं, "एक बात बोल. पयले दो बार कैकू फिराया? मैं बराबर आ रहा था."

सुई माझ्या बोटात गेली. खोटं तयार होतं. चाक तिरपं होतं असं म्हणता आलं असतं. पण इतक्या विश्वासानं सायकल मारत आलेल्या माणसाला ते सांगवेना.

"बराबरच येत होता सरकार," मी म्हणालो. "तुमी ऐकता का ते बघत होतो."

मी मान खाली घालून टाका घातला.

"और मैं सुना," ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं, "बाहर किसीकू बोलना नक्को."

तेव्हा मी त्यांना गाळलेलं सगळं सांगितलं, गोधडीपासून सदऱ्यापर्यंत. ते ऐकताना त्यांनी दोनदा पाय आपटले आणि एकदा कमरेचं हिरवं कापड सुटता सुटता सावरलं. शेवटी म्हणाले, "वो साब अच्छा आदमी था. मैं तो तेरेकू बंद करता." विजार चढवून त्यांनी गुडघा वाकवून बघितला. मी जाता जाता कंबरही दोन बोटं आत घेतली होती. त्याचं त्यांना फार बरं वाटलं. बॅटा मात्र त्यांनी ठेवून घेतल्या. जप्त, म्हणाले, आणि कपाटात न टाकता आपल्या खुर्चीमागं खिळ्याला अडकवल्या.

पोलीस पाटलानं परतीच्या वाटेवर गाडीत मला पुढं बसवलं.

घरी बायको दारातच उभी होती. माझे हातपाय शाबूत आहेत असं बघून घेतल्यावर तिनं काय झालं ते विचारलं. मी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं, सायकलीचं, कडब्याचं, अमीनसाहेबांच्या विजारीचं. ती मान हलवत राहिली. एकाही शब्दावर तिचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसत होतं. मग लाल तोंडाच्या वैमानिकाचं सांगितलं, जे मी तिला इतके दिवस कधी बोललो नव्हतो. वरून समुद्र कसा दिसला आणि मी कसा ओकलो, तेही.

तिचा हात पिठात तसाच थांबला.

"म्हंजी तुमी खरंच वर गेला होता?"

"मग? इतके दिवस काय सांगतोय?"

"इतके दिवस तुमी उतरवलं, उतरवलं म्हणत होता. ओकलो असं कधी म्हणला न्हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "भ्या वाटलं का लई?"

"लई," मी म्हणालो.

तिनं पहिली भाकरी माझ्या ताटात वाढली आणि ठिगळ टिकलं का ते विचारलं. मी टिकलं म्हणालो. मग ती सदऱ्याचं काय केलं, धुतला का टाकला, ते विचारायला लागली.